चुगलखोर डबीतला सेल

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला लसीकरणाची सिस्टर रुग्णालयाच्या तळघरातल्या दुरुस्तीखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. एका हातात कागद, दुसऱ्या हातात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी प्लास्टिकची डबी. आत फ्यूजकाका रक्तदाबाच्या यंत्राचं पोट उघडून बसले होते.

"काका, हे वाचा," म्हणून तिने कागद टेबलावर ठेवला. खुर्ची रिकामी होती, पण ती बसली नाही.

काकांनी चष्मा पुसला आणि वाचला. लशींच्या फ्रिजमधील तापमानाची नोंद हेतुपुरस्सर पुसल्याचे दिसून येते, आपणांविरुद्ध कारवाई का करू नये याचा खुलासा गुरुवारी अकरा वाजता समक्ष हजर राहून करावा. खाली मोठ्या बाईंची, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांची सही.

"हेतुपुरस्सर!" काका एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या धुलाईखोलीतलं मशीन क्षणभर गप्प झाल्यासारखं वाटलं. "हेतू म्हणे! अहो, अठरा वर्षं तुम्ही त्या फ्रिजची राखण करताय, घरच्या फ्रिजकडे कधी एवढं बघितलं नसेल!"

आता झालं काय होतं, ते ऐका आणि तुम्हीच सांगा. शनिवारी दुपारी सिस्टरने लशींच्या फ्रिजचं दार लावलं, खोलीला कुलूप घातलं आणि ती घरी गेली. रविवारी सकाळी साडेसातला येऊन बघते तर फ्रिजचं दार बोटभर उघडं. दाराचं रबर म्हातारं झालेलं, धरतच नव्हतं. तिने तीन वेळा लेखी कळवलं होतं, तिन्ही वेळा 'बघू' असं उत्तर आलं होतं. लशीच्या बाटलीवर एक बारीक चौकोन असतो, ऊब लागली की तो काळवंडतो. सगळे चौकोन काळवंडले होते. तिने दार लावलं, लगेच स्वतःहून वरच्यांना फोन केला, स्वतःच्या हाताने अहवाल लिहिला. सहाशे चाळीस डोस फेकून द्यावे लागले. सोमवारी तान्ही बाळं घेऊन आलेल्या आया दारातूनच परत गेल्या.

आणि खरं बोलल्याचं बक्षीस काय? तर हा मेमो.

मेमोचं कारण ती पांढरी डबी. ती फ्रिजच्या आत बसते, दर दहा मिनिटांनी तापमान मोजते आणि नोंदवून ठेवते. पारा आठ अंशांच्या वर गेला की असली किंचाळते की बाहेरच्या पहारेकऱ्याने धावत यावं. कोणी किती वेळ दार उघडं ठेवलं, सगळं सांगते, म्हणून नर्सा तिला चुगलखोर म्हणायच्या. शनिवारी रात्री मात्र चुगलखोराने ब्र काढला नाही. आणि नोंद उघडली तर ती रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपासून कोरी करकरीत सुरू झालेली, आधीचं सगळं गायब. डबीवरचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की नोंद पुसली जाते. आठ दहाला खोलीत कोण होतं? सिस्टर. शनिवारी शेवटचं दार कोणी लावलं? सिस्टरने. मग काय, वरच्यांचा हिशोब दोन मिनिटांत जमला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"मी बटणाला हात लावला नाही, काका," सिस्टर म्हणाली. "निदान मला तरी तसं आठवत नाही."

"आठवत नाही काय? लावलाच नाहीत!" काका म्हणाले. "ठेवा ती डबी इथे. गुरुवारपर्यंत हिला बोलती करतो."

फ्यूजकाका म्हणजे कोण, ते सांगायला हवं. एकतीस वर्षं या रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. वजनकाट्यापासून श्वास देणाऱ्या यंत्रापर्यंत सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. हात सोन्याचे आणि तोंड फटाक्याचं. कोणी प्लग ओढताना वायर धरून ओढली, की उडाला फ्यूज. कोणी यंत्रावर चहाचा कप ठेवला, की उडाला फ्यूज. त्यावरूनच हे नाव पडलं आणि एवढं चिकटलं की पगाराच्या कागदावरचं नाव लोक विसरून गेले. निवृत्तीला आठ महिने उरले होते. निष्काळजी माणूस त्यांना डोळ्यांसमोर सहन व्हायचा नाही आणि हे ते दिवसातून दहा वेळा, मागितलं नसताना सांगायचे.

काकांनी डबी उघडली. आत एक बटणसेल, रुपयाएवढा, चपटा, चकचकीत. मीटरची टोकं लावली. तीन पूर्णांक दोन व्होल्ट. उत्तम. सेल परत बसवला, डबीवर उबदार हात धरून पारा चढवला, तर डबी व्यवस्थित किंचाळली. दहा वेळा केलं, दहा वेळा किंचाळली. नोंदही जशीच्या तशी राहिली.

तेवढ्यात खरेदीसाहेब डोकावले. हे रुग्णालयाचा माल मागवणारे अधिकारी. इस्त्रीच्या शर्टातले, सदा हसतमुख. "काय काका, डबी ठणठणीत ना? मी म्हणालोच होतो. उगाच सेलवर ढकलायला बघतात लोक."

"लोक कोण? सिस्टर अजून एक शब्द बोलली नाहीये सेलबद्दल!" काका कडाडले. साहेब हसत हसत निघून गेले आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण एकच: डबी खरंच ठणठणीत दिसत होती.

मंगळवारची सकाळही तशीच गेली. दुपारी काका लशींच्या खोलीत गेले, दुसऱ्या फ्रिजचं दार उघडलं, गार हवेचा झोत चेहऱ्यावर आला आणि ते जागच्या जागी थांबले. मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. अरे, ही डबी काय टेबलावर राहते का? ही राहते गारठ्यात! उबेत धावणारा म्हातारा थंडीत अंथरुणातून उठत नाही, आणि सेलचं तसंच असतं, हे त्यांना कालच्या पोराइतकंही सुचू नये?

त्यांनी डबी त्या फ्रिजमध्ये ठेवली आणि किंचाळायची मर्यादा मुद्दाम तीन अंशांवर आणली, म्हणजे पाच अंशांतही तिने ओरडलंच पाहिजे. तासभर स्टुलावर बसून राहिले. दाराच्या काचेतून डबीचे आकडे दिसत होते. वेळ झाली. डबीने 'पीं' म्हणायला सुरुवात केली, अर्धा आवाज निघाला न निघाला तोच आकडे विझले. मग पुन्हा उगवले. शहाण्यासारखी डबी नव्याने सुरू झाली होती. नोंद कोरी.

"सापडला!" काका ओरडले. खोलीत कोणी नव्हतं, तरी ओरडले.

गोष्ट साधी होती. आकडे दाखवायला सेलला काहीच कष्ट पडत नाहीत. किंचाळायला मात्र जोर लागतो. त्या जोरासरशी गारठलेला रद्दी सेल बसायचा, डबी बेशुद्ध पडायची आणि शुद्धीवर आली की मागचं सगळं विसरलेली असायची. शनिवारची अख्खी रात्र बिचारी दर दहा मिनिटांनी ओरडायला तोंड उघडत होती आणि दर वेळी घेरी येऊन पडत होती. रविवारी दार लागलं, फ्रिज गार होत गेला, आठ दहाला ती शेवटची पडून उठली. सिस्टरने बटण दाबलं नव्हतं. कोणीच दाबलं नव्हतं.

काकांनी भांडारातून उरलेले सेल मागवले. पन्नास आले होते, एकवीस वापरले गेले, त्यातलाच एक या डबीतला, आणि एकोणतीस शिल्लक होते. औषधांच्या काट्यावर एकेक ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानातला जुना, खात्रीचा सेल तीन ग्रॅम भरला. हे कसेबसे अडीच. अरे, आत माल तरी किती घातलाय! खऱ्या सेलवरची अक्षरं ठोकलेली असतात, बोट फिरवलं की लागतात. यांच्यावरची अक्षरं स्पिरिटच्या बोळ्याने निम्मी पुसली गेली. मग सगळे तासभर गार करून, रेझिस्टर जोडून, म्हणजे मुद्दाम ओझं देऊन, दहा दहा सेकंद मोजले. खात्रीचा सेल पावणेतीनच्या खाली आला नाही. एकोणतीसपैकी बावीस सेल दोनाच्या घरात कोसळले. ओझं काढलं की लबाड पुन्हा हळूहळू तीनाकडे सरकत. वरून झगमग आणि आत ठणठण गोपाळ!

बुधवारी सकाळी काका ती बावीस सेलांची पुरचुंडी घेऊन खरेदीसाहेबांच्या खोलीत घुसले. घुसले हाच शब्द बरोबर आहे. दार वाजवायचं त्यांना भान नव्हतं.

"कुठून आणले हे?"

"ऑनलाइन," साहेब म्हणाले. "चांगले पाच तारे आहेत. हे बघा ना, साडेचार हजार लोकांनी कौल दिलाय." त्यांनी पडदा काकांकडे वळवला.

काकांनी वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. "'पार्सल वेळेत मिळाले, पॅकिंग छान, पाच तारे.' पॅकिंग? पॅकिंग फ्रिजमध्ये ठेवायचंय का मला? 'अजून वापरले नाहीत पण चांगले वाटतात.' अहो, वाटतात काय! 'मिस्टरांच्या घड्याळासाठी घेतले, खूप चमकतात.' चमकतात! हे म्हणजे लग्नाच्या मांडवातच संसार सुखाचा झाल्याचं सर्टिफिकेट! सहा महिन्यांनी कोणी काही लिहिलंय का? हे खाली बघा, एक तारा: 'दोन महिन्यांत बंद पडले, दुकानदार उत्तर देत नाही.' हे एकशे बारा जण बोंबलतायत, ते तुम्हाला दिसले नाहीत?"

"काका, एवढं खाली कोण जातं..."

"मी जातो! सहाशे चाळीस डोस गेले, बाळं परत गेली, एका बाईच्या अठरा वर्षांच्या नोकरीवर 'हेतुपुरस्सर' लिहिलं गेलं, आणि तुम्ही चार ओळी खाली जाऊ शकला नाहीत? कोणत्या शहाण्याने हा कचरा आत घेतला? तपासल्याशिवाय माल आत येत नाही ना? काढा ती पावती! कोणाची सही आहे बघू दे मला, त्याला आज सोडत नाही!"

खरेदीसाहेबांनी फाइल काढली. घाई केली नाही. पान शोधलं, फाइल काकांच्या बाजूला वळवली आणि बोट ठेवलं.

'बटणसेल, नग पन्नास, तपासले. सर्व तीन पूर्णांक दोन. ठीक.' खाली सही. ऐटबाज, शेवटी लांब शेपूट ओढलेली. काकांचीच.

काकांना तो दिवस आठवला. टेबलावर श्वासाचं यंत्र उघडं पडलेलं, आणि शिपाई सेलांचा खोका घेऊन आला, साहेबांनी तपासून मागितलेत म्हणाला. काका भडकले होते. एकतीस वर्षांच्या अनुभवाच्या माणसाने आता सेल मोजत बसायचं? आता हेच राहिलं होतं! शिपायाला तोंड भरून बोलता बोलता त्यांनी मीटर टेकवला होता. ओझं द्यायचा प्रश्नच नव्हता, ते शेंबड्या पोराला शिकवायची गोष्ट म्हणून. आणि पन्नास? पन्नास कुठले? आठ-दहा मोजले असतील. बाकीचे तसेच खोक्यात ढकलून त्यांनी पन्नास लिहिलं आणि सहीची शेपूट ओढली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"बसा काका," साहेब आता गोडीने बोलू लागले. "कशाला एवढं मनावर घेता? गुरुवारी सांगा, त्या डबीतला एक सेल खराब निघाला. होतं असं कधीकधी. पावती कोण मागतंय? ना तुम्हाला त्रास, ना मला."

"आणि सिस्टर?"

"त्यांना काय, फार तर ताकीद मिळेल. एक सेल खराब होता, पण बटण दाबलं नव्हतंच, असं कोण छातीठोक सांगणार? शंका राहणारच थोडी."

काका उठले. तोंडावर आलेल्या शिव्या त्यांनी गिळल्या, कारण त्यातली प्रत्येक शिवी आधी त्यांना स्वतःलाच लागू होती.

संध्याकाळी घरी त्यांनी चहा अर्धाच घेतला. काकूंनी कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, पन्नासांऐवजी दहा मोजल्याचंही. काकू भाजीची जुडी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगून टाका उद्या. नाहीतर आयुष्यभर माझ्यावर ओरडत बसाल."

"अगं, पण आठ महिने राहिलेत. सगळ्यांना आजवर शिकवत आलो, आता त्यांच्याच पुढ्यात..."

"मग? त्या सिस्टरचे आठ महिने राहिलेत का? तिची वीस वर्षं राहिलीत." काकूंनी निवडलेली भाजी चाळणीत टाकली. "आणि गेल्या वर्षी माझ्या पडलेल्या आईला ती घरी येऊन इंजेक्शन देऊन गेली होती, ते विसरलात वाटतं."

गुरुवारी अकरा वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत चौघं होती: टेबलामागे मोठ्या बाई, एका बाजूला खरेदीसाहेब, समोर खुर्चीच्या अगदी टोकावर सिस्टर, आणि दारापाशी बर्फाची पेटी घेऊन उभे असलेले काका. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, त्यातली, मर्यादा तीन अंशांवरच ठेवलेली डबी सगळ्यांना काचेच्या झाकणातून दाखवली. मोठ्या बाईंच्या डोळ्यांदेखत डबी 'पीं' म्हणता म्हणता मेली आणि कोरी होऊन उठली. एकदा, दोनदा, तीनदा. मग काकांनी खात्रीचा सेल घातला, पुन्हा गार केली. डबी अशी किंचाळली की बाहेरचा शिपाई आत आला.

"म्हणजे सेल खराब," मोठ्या बाई म्हणाल्या.

"एक नाही, मॅडम. उरलेल्या एकोणतीसपैकी बावीस. अख्खा गठ्ठा रद्दी आहे. आला तेव्हाही रद्दीच होता."

"मग घेतला कसा? तपासला कोणी?"

खरेदीसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी," काका म्हणाले. "आणि नीट तपासला नाही. मीटर नुसता टेकवला. तोही दहाएक सेलांना. पन्नास लिहिलं ते खोटं लिहिलं. ओझं देऊन, गार करून बघितले असते तर एकही सेल आत आला नसता. सिस्टरने बटण दाबलेलं नाही. हे मी लेखी देतो."

दहाचं पन्नास केल्याचं कोणालाच कळलं नसतं. कुठल्याही कागदावर ते नव्हतं. खरेदीसाहेबांनी चमकून काकांकडे बघितलं, वेड लागलंय का, अशा नजरेने.

मोठ्या बाईंनी सिस्टरचा मेमो उचलून मधोमध फाडला. "तुमची चूक नव्हती. मी माफी मागते," त्या सिस्टरला म्हणाल्या. खरेदीसाहेबांना त्यांनी ऑनलाइन मागवलेल्या सगळ्या मालाची यादी संध्याकाळपर्यंत आणायला सांगितली. काकांना म्हणाल्या, "तुमचा मेमो दुपारी येईल. तपासणीची सही आजपासून तुमची नाही." काकांनी मान हलवली. उडाला नाही फ्यूज. उडण्यासारखं काही नव्हतंच.

बाहेर व्हरांड्यात सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. काकांना वाटलं, आता ही रडेल, आभार मानेल. ते त्यासाठी मनातल्या मनात अवघडलेही. 'आभार कसले' असं म्हणायचं त्यांनी ठरवून टाकलं.

"चार दिवस," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज एवढा चढलेला काकांनी कधी ऐकला नव्हता. "चार दिवस मी त्या खोलीत उभी राहून आठवतेय, की माझ्या हातून चुकून बटण दाबलं गेलं का. घरी मुलीने विचारलं, आई, तू केलंस का गं? आणि मला नाही म्हणता आलं नाही. कळतंय का तुम्हाला? माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता! आणि तुम्ही? वायर ओढली म्हणून माझ्या नवशिक्या नर्सांना रडवणारे तुम्ही! दहा मोजून पन्नास लिहिलेत?"

व्हरांड्यातले लोक थांबून बघायला लागले. आजवर या व्हरांड्यात ओरडायचे ते काकाच. काका खाली मान घालून उभे राहिले.

"चुकलं, सिस्टर," ते शेवटी म्हणाले. "मला माफ..."

"वीस सेल," तिने त्यांना मधेच तोडलं. "वीस सेल अजून वॉर्डांत बसलेले आहेत. नवजात बाळांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये एक आहे. रक्तपेढीत दोन आहेत. माफी नंतर मागा, काका. आधी ते काढा."